‘दूध’ या शब्दाची व्याप्ती : गांधीजींचे दुग्धव्रत आणि ‘वीगन’ ही संज्ञा

आहारविषयक संज्ञा पदार्थांच्या वाचक असतात की वृत्तीच्या, हा प्रश्न शब्दार्थविचारात महत्त्वाचा आहे. ‘शाकाहार’ ही संज्ञा वरवर पाहता पदार्थवाचक आहे. तथापि तिच्या रूढ अर्थात दूध, दही, तूप यांचा निरपवाद समावेश होतो आणि यांपैकी एकही पदार्थ ‘शाक’ नव्हे. व्युत्पत्ती आणि रूढी यांतील हे अंतर मराठी भाषकाला जाणवतही नाही. ते जाणवून देण्याचे कार्य ‘वीगन’ या अर्वाचीन शब्दाने केले आहे. परंतु हा शब्द जन्मण्यापूर्वीच ज्या एका भारतीय लेखकाने या अंतराला तोंड दिले, त्याच्या लेखनाची या दृष्टीने परीक्षा झालेली फारशी आढळत नाही. गांधीजींच्या आत्मकथेतील दुग्धव्रताचा प्रसंग आणि ‘आरोग्याची किल्ली’ या पुस्तिकेतील आहारवर्गीकरण ही दोन स्थळे येथे विचारार्थ घेतली आहेत.

प्रसंग सुपरिचित आहे. 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील टॉल्स्टॉय फार्मवर गांधीजी व कॅलनबाख यांनी दूध वर्ज्य केले. आत्मकथेत यामागे दोन कारणे दिली आहेत. दूध विकारांना उद्दीपक आहे, हा रायचंदभाईंकडून मिळालेला विचार, हे पहिले. गाई-म्हशींवर त्यांचे पालक जे अत्याचार करतात त्यांचे कलकत्त्याहून आलेल्या साहित्यात वाचलेले वर्णन, हे दुसरे. 1918 मध्ये खेडा जिल्ह्यातील सैन्यभरतीच्या कामात गांधीजींना आमांशाने ग्रासले. प्रकृती सुधारावी म्हणून ते माथेरानला गेले. पण तेथील जड पाणी मानवले नाही आणि ते मुंबईस परतले. 1919 च्या आरंभी डॉ. दलाल यांनी दुधावाचून शरीर भरून येणार नाही, असे निक्षून सांगितले. गांधीजींनी फुंक्याच्या क्रूर रीतीचा उल्लेख करून आपले व्रत पुढे केले. तेव्हा जवळच उभ्या असलेल्या कस्तुरबांनी, असे असेल तर शेळीच्या दुधास हरकत नसावी, असे सुचविले. गांधीजींनी ते मानले आणि पुढे लिहिताना, व्रताचा शब्द पाळला गेला पण त्याचा आत्मा गेला, असा स्वतःवर ठपका ठेवला.

या प्रसंगाकडे सामान्यतः नैतिक दुर्बलतेची प्रांजळ कबुली म्हणून पाहिले जाते. शब्दार्थाच्या दृष्टीने तो अधिक गुंतागुंतीचा आहे. व्रत घेताना आपल्या मनासमोर गाय आणि म्हैस याच होत्या, परंतु व्रताच्या स्वाभाविक अर्थात सर्व प्राण्यांचे दूध येते, असे गांधीजी स्वतःच सांगतात. म्हणजे वक्त्याचे तात्पर्य संकुचित आणि पदाचा वाच्यार्थ व्यापक, असा येथे विरोध आहे. मग शेळीचे दूध घेण्याने वाच्यार्थ पाळला गेला, हे त्यांचे विधान काटेकोर ठरत नाही. ‘दूध’ या पदाचा वाच्यार्थच तर भंगला. पाळले गेले ते व्रतकालीन तात्पर्य. ज्याला गांधीजी व्रताचा ‘शब्द’ म्हणतात ती वस्तुतः शब्दावर मागाहून लादलेली मर्यादा आहे, आणि ज्याला ‘आत्मा’ म्हणतात तोच शब्दाचा सरळ अर्थ आहे.

कस्तुरबांच्या सूचनेचेही मोल यावरून ठरविता येते. ती केवळ पळवाट नव्हती. प्रतिज्ञेचा अर्थ तिच्या हेतूवरून लावावा, हे अर्थनिर्णयाचे मान्य तत्त्व तिच्यामागे आहे. व्रताचा हेतू गाई-म्हशींवरील क्रौर्याचा निषेध एवढाच असेल, तर शेळीच्या दुधाने तो बाधित होत नाही. परंतु विकारसंयम हाही हेतू असेल, तर शेळीच्या व गाईच्या दुधात भेद करण्यास आधार उरत नाही. सूचना एका हेतूवर टिकते आणि दुसऱ्यावर कोसळते. रुग्णशय्येवरील संवादात गांधीजींनी फुंक्याचेच कारण सांगितले; पहिले कारण त्या क्षणी अनुच्चारित राहिले. आत्मकथेतील ही फट लेखकाने बुजविलेली नाही. किंबहुना तिच्यामुळेच हा प्रसंग इतका विचारप्रवर्तक झाला आहे.

1942 मध्ये पुण्याच्या आगाखान महालात स्थानबद्ध असताना लिहिलेल्या ‘आरोग्याची किल्ली’त हा प्रश्न निराळ्या रूपाने येतो. तेथे आहाराचे वनस्पतिजन्य, मांसजन्य व मिश्र असे तीन वर्ग केले आहेत आणि दूध प्राणिज असल्याने काटेकोर शाकाहारात ते बसत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. सामान्य माणूस दुधाला प्राणिज समजत नाही, उलट अंड्याला मांस समजतो, याकडेही लक्ष वेधले आहे. निर्जीव अंड्यात जीवहत्या नसल्याने दूध घेणाऱ्याला त्याचे वावडे असण्याचे कारण नाही, असा निष्कर्ष गांधीजी निर्भयपणे काढतात. लोकरूढीच्या वर्गीकरणावर इतक्या थोड्या शब्दांत केलेली टीका आपल्याकडे विरळाच.

तथापि या वर्गीकरणात दोन कसोट्या मिसळल्या आहेत. दुधाला लावलेली कसोटी उत्पत्तीची आहे, अंड्याला लावलेली हत्येची. उत्पत्तीने पाहता अंडेही प्राणिजच; हत्येने पाहता दूधही निर्दोष. 1912 च्या व्रतामागे क्रौर्य व संयम या आणखी दोन कसोट्या होत्या. चार कसोट्यांपैकी कोणती निर्णायक, हे गांधीजींनी कोठेही ठरविलेले नाही, आणि त्यांच्या आहारविचारातील अस्थैर्याचे मूळ येथे आहे. दुधाला तोडीचा वानस्पतिक पर्याय कोणास अनुभवाने ठाऊक असल्यास कळवावा, हे आत्मकथेतील आवाहन मात्र त्या अस्थैर्यातही प्रामाणिक शोध चालू असल्याचे दर्शविते. ज्या ब-12 जीवनसत्त्वाच्या अभावी निव्वळ वानस्पतिक आहार अपुरा पडतो, ते 1948 मध्ये, म्हणजे गांधीजींच्या निधनाच्या वर्षीच, प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. ते जीवाणू तयार करतात आणि आज ते प्राण्यावाचून मिळविता येते. डॉ. दलाल यांच्या आग्रहाला त्या काळी जे उत्तर नव्हते, त्याचा एक महत्त्वाचा भाग आज उपलब्ध आहे.

‘वीगन’ हा शब्द इंग्लंडमध्ये 1944 च्या नोव्हेंबरात डोनाल्ड वॉटसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रचारात आणला. ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाची आरंभीची तीन आणि अखेरची दोन अक्षरे घेऊन तो घडविला आहे. आरंभी त्याचा अर्थही दुग्धवर्ज्य शाकाहार असा पदार्थनिष्ठच होता. 1951 मध्ये लेस्ली क्रॉस यांच्या प्रयत्नाने वीगन संस्थेने प्राण्यांचे शोषण न करता मनुष्याने जगावे, हे तत्त्व म्हणजे वीगनवाद, अशी व्याख्या स्वीकारली. 1979 च्या व्याख्येत, शक्य व व्यवहार्य असेल तेथवर, अशी मर्यादा तीत घातली गेली. पदार्थांच्या यादीकडून संबंधाच्या तत्त्वाकडे झालेले हे अर्थांतर होय. अनेक कसोट्यांतून शोषण ही एकच निवडली गेल्याने संज्ञेला स्थैर्य आले. व्यवहार्यतेच्या मर्यादेने रुग्णशय्येवरील प्रश्नालाही तीत जागा मिळाली.

मराठीत या संज्ञेसाठी ‘शुद्ध शाकाहार’ हा प्रतिशब्द सुचण्याचा संभव आहे, पण तो दिशाभूल करणारा ठरेल. आपल्या उपाहारगृहांच्या पाट्यांवरील ‘शुद्ध शाकाहारी’ म्हणजे मांस व अंडी यांच्या स्पर्शापासून मुक्त. तेथे तूप व पनीर हेच मानाचे पदार्थ. कायद्यानेही हीच रूढी उचलली आहे. 2011 च्या वेष्टनविषयक नियमांनी प्राणिज पदार्थांना मांसाहारी ठरविताना दूध वगळले, आणि म्हणूनच 2022 मध्ये वीगन खाद्यपदार्थांसाठी स्वतंत्र नियम करावे लागले.

‘दूध’ शब्दाविषयीचा वाद युरोपातही न्यायालयात गेला. 14 जून 2017 रोजी युरोपीय न्यायालयाने निव्वळ वानस्पतिक पदार्थांना विक्रीसाठी ‘दूध’ हे नाव नाकारले. नारळाच्या दुधासारखे काही रूढ प्रयोग तेवढे अपवाद राहिले. संस्कृत ‘दुग्ध’ हे ‘दुह्’ धातूचे कर्मणि भूतकालवाचक रूप असून ‘दोहून काढलेले’ असा त्याचा अर्थ आहे, म्हणून व्युत्पत्ती न्यायालयाच्या बाजूची दिसते. परंतु मराठीचा व्यवहार वेगळी साक्ष देतो. व्यालेल्या गाईचा खरवसाचा चीक, रुईचा चीक आणि कुरडयांसाठी काढलेला गव्हाचा चीक यांना मराठी एकच नाव देते. प्राणी व वनस्पती यांच्यातील सीमा येथे भाषेने कधीच कठोर मानलेली नाही.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. ‘वीगन’ हा शब्द मराठीने उसना म्हणूनच ठेवावा; प्रतिशब्दाच्या मोहाने त्याला शुद्धाशुद्धतेच्या जुन्या अर्थक्षेत्रात ओढल्यास जातिनिष्ठ सोवळेपणाची छाया त्यावर पडेल आणि शोषणाचा मुद्दा झाकला जाईल. दुसरे असे की, कोणताही आहारनिषेध केवळ पदार्थाच्या नावावर उभा केला, तर त्या नावाचा अर्थ प्रसंगी आकुंचित होऊन निषेध निसटतो. गांधीजींच्या दुग्धव्रताचे हेच झाले, आणि ते लपविण्याऐवजी त्यांनी नोंदविले, म्हणून त्यांचे ते पृष्ठ अर्थविचाराच्या अभ्यासकालाही मोलाचे आहे.