कॅमेरा कुठे उभा आहे?

आनंद पटवर्धन आणि सीमंतिनी धुरू यांचा ‘अ नर्मदा डायरी’ (१९९५) एकतर्फी आहे, असा आक्षेप घेतला जातो. आम्ही विचारतो, तटस्थ कॅमेरा नेमका कुठे उभा करायचा? सरदार सरोवराच्या भिंतीवर उभं राहिलं तर पाणी दिसतं. मणिबेलीत उभं राहिलं तर बुडणारं घर. पटवर्धन आपली जागा लपवत नाहीत. सत्याला बाधा येते ती बाजू घेतल्याने नव्हे, लपवल्याने.

आणि आपण नगरकर हा माहितीपट पाहुण्यासारखा पाहू शकत नाही. भंडारदऱ्याच्या पाटपाण्यावर प्रवराकाठचा ऊस पोसला. जमीन बुडाली ती अकोल्याच्या डोंगरातली. मणिबेलीसाठी हळहळणं सोपं आहे हो! आपल्या उसाचा हिशेब मात्र आपल्यालाच मांडावा लागेल.