गुरुजींची एक थाप

धाराशिवच्या मुलांना इंग्रजी शिकवताना मी वर्षानुवर्षे एक थाप मारीत आलो. ‘डेंटल’ आपल्या ‘दंता’वरून निघाला, ‘पॅटर्नल’ ‘पितृ’वरून, सबब इंग्रजी ही संस्कृतचीच लेक! मुले खूष, मीही खूष. माझ्या एका कादंबरीतल्या गुरुजींच्या तोंडी हे वाक्य मी मोठ्या ऐटीत घातले आहे. त्या पानाचे परीक्षण कोणी केले नाही. तेव्हा आज मीच करतो.

‘डेंटल’ आला लॅटिनमधून. लॅटिन आणि संस्कृत या मायलेकी नव्हेत, बहिणी. आणि त्यांची आई बहुधा आज हयात नाही, असे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या व्याख्यानात सांगितले होते. इंग्रजी तिसऱ्याच बहिणीच्या घरची. ‘टूथ’ हा तिचा घरचा शब्द. ‘डेंटल’ तिने लॅटिन मावशीकडून उसना नेला. माझ्या गुरुजींनी भाचीला लेक ठरवून टाकले!

या बढाईपायी खरी गंमत मात्र हातची गेली. आपला ‘पगार’ पोर्तुगीजांकडून आला. त्याच्या मुळाशी जो लॅटिन शब्द आहे, त्याचा अर्थ शांत करणे. इंग्रजी ‘पे’ही त्याचाच वंशज. मास्तराच्या घरी महिनाअखेरीस हा अर्थ कोणाला फोड करून सांगावा लागत नाही. ‘पाव’ही तसाच आलेला, आणि लॅटिन भाकरीचा तोच शब्द ‘कंपनी’च्या पोटात बसला आहे. एका भाकरीचे वाटेकरी, ती कंपनी! ‘सॅलरी’चे मिठाशी नाते आहे खरे, पण रोमन शिपायांना पगारादाखल मीठ मोजून देत, या गोष्टीला जुना पुरावा नाही. तीही मी वर्गात रंगवून सांगत असे.

आणि पुरावा तर आमच्या अंगणातच होता. आमचे तेर म्हणजे जुने तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचे नाव आहे. इथले कापड गाड्यांतून, धड वाट नसलेल्या मुलखातून, भडोच बंदराला जाई. त्या काळच्या रोमन ‘देनारियस’ नाण्याचा संस्कृतात ‘दीनार’ झाला. इंग्रज १९७१ पर्यंत पेनीसाठी जो ‘डी’ लिहीत, तोही त्याच नाण्याचा.

नव्या आवृत्तीत गुरुजींचे ते वाक्य मी काढणार नाही. फक्त मागच्या बाकावरची एक मुलगी उठून विचारील, “गुरुजी, मग टूथ कुठून आला?”