आधी मालक कबूल करा, मग ताबा सांगा?

मूर्तिजापूर तालुक्यातलं एक वावर धरा. 1998 साली साध्या कागदावर विकत घेतलं, पैसे पोचले, रजिस्ट्री राहून गेली. तेव्हापासून वहिती घेणाऱ्याचीच. आता मूळ मालकाची पोरं वावर परत मागतात. घेणाऱ्याला प्रतिकूल ताबा सिद्ध करता येईल?

संशोधन आराखड्यात इथे सहसा मुदत कायदा 1963 चा अनुच्छेद 65 आणि कलम 27 लिहून, "12 वर्षं झाली" म्हणून मोकळं होतात. पण 12 वर्षं हा सोपा भाग. कर्नाटक वक्फ मंडळाच्या 2004 च्या निकालातली यादी पाहा: ताबा कधीपासून, कोणत्या स्वरूपाचा, समोरच्याला ठाऊक होता का, किती काळ, उघड आणि अखंड होता का. पेरेपत्रक फार तर कोण पेरतं ते सांगतं. कोणत्या नात्यानं पेरतं, ते नाही. बटईवाल्यानं 30 वर्षं पेरलं तरी तो ताबा परवानगीचाच.

खरी अडचण पुढे आहे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या दगडाबाई प्रकरणात (2017) सर्वोच्च न्यायालय म्हणतं, प्रतिकूल ताबा सांगणाऱ्यानं आधी खऱ्या मालकाची मालकी मान्य केली पाहिजे. त्या प्रकरणातला शेवट मला पटतो. दत्तकपणाचा दावा पडल्यावर ताब्याची बाजू नुसती जोडीला होती. पण ते वाक्य सुटं उचललं तर काय होतं? वावर आपलंच असं प्रामाणिकपणे मानणारा हरतो, आणि दुसऱ्याचं आहे हे जाणून धुरा सरकवणारा जिंकतो! हा कुठला न्याय?

म्हणून 1951 चा मुंबई महापालिकेचा निकाल सोबत वाचा. सरकारनं 1865 मध्ये बाजारासाठी जागा दिली, पण दान कायद्याच्या रीतीत बसत नव्हतं. पालिकेनं ती 70 वर्षांहून जास्त काळ आपल्या हक्कानं, बिनभाड्यानं वापरली. बहुमतानं हा ताबा प्रतिकूलच ठरवला. इथे पालिका कुणाला मालक मानून शत्रुत्व करत नव्हती. मिळालेला हक्क वापरत होती. या दोन निकालांतला ताण तुमच्या प्रबंधात यायलाच हवा. नुसतं एकामागून एक उद्धृत करणं म्हणजे टीका नव्हे.

2019 च्या रविंदर कौर ग्रेवाल निकालाचा इथे फार उपयोग नाही. आधी ही फक्त प्रतिवादीची ढाल मानली जायची, आता वादीलाही तिच्यावर दावा लावता येतो. पुराव्याचं ओझं होतं तेवढंच आहे.

आपल्या वावराला जवळचा निकाल 2003 चा, बोंदर सिंग. त्यातलं 1931 चं खरेदीखत नोंदलेलं नव्हतं. त्यानं मालकी मिळत नाही, पण ताबा कोणत्या स्वरूपाचा ते दाखवायला न्यायालयानं ते पाहिलं, आणि ताबा प्रतिकूल धरला.

तेव्हा मूर्तिजापूरच्या त्या कागदात काय लिहिलंय, ते आधी वाचा. "विकलं, ताबा दिला" असेल तर वाट आहे. "पुढे खरेदी करून देईन" असेल तर तो सौदा. ताबा मालकाच्या संमतीचा, आणि तो उलटला कधी, ती तारीख घेणाऱ्यालाच दाखवावी लागेल.