कॉरोनेशन स्ट्रीटचें स्थलपुराण

कोणत्याहि क्षेत्राचें माहात्म्य त्या क्षेत्राहून वयानें लहान असतें, ही गोष्ट आमच्या पुराणप्रिय वाचकांस नवी नाहीं. देऊळ आधीं उभें राहतें, यात्रा भरूं लागते, बडव्या-पुजाऱ्यांचीं घराणीं वसतात, आणि मग केव्हां तरी कोणी व्युत्पन्न गृहस्थ अमुक ऋषीनें येथेंच तप केलें असें लिहून ठेवतो. अशीं माहात्म्यें आम्ही इतिहास म्हणून वाचीत नाहीं. लिहिणाराच्या काळीं त्या स्थळास कोणत्या भूतकाळाची गरज भासत होती, एवढेंच त्यांवरून समजतें. हाच न्याय एका अगदीं निराळ्या स्थळास लावून पाहावा, असा आमचा विचार आहे. तें स्थळ कोणत्याहि नकाशांत सांपडावयाचें नाहीं. इंग्लंडच्या वायव्य भागांत, मँचेस्टरला लागून, वेदरफील्ड नांवाचें एक गिरणगांव आहे अशी कल्पना करून त्यांतील एका गल्लीचें जीवन ग्रॅनडा कंपनीनें ९ डिसेंबर १९६० रोजीं दूरचित्रवाणीवर दाखवावयास आरंभ केला. त्या मालिकेचें नांव 'कॉरोनेशन स्ट्रीट'. ती अद्याप चालू आहे, आणि २०१० सालीं एक जुनी अमेरिकन मालिका बंद पडल्यापासून जगांतील सर्वांत दीर्घायुषी मालिका म्हणून तिची गणना होते. इतकें आयुष्य लाभलेल्या स्थळास पुराण जोडलें गेलें नसतें तरच नवल.

तें पुराण थोडक्यांत असें. सातव्या एडवर्ड राजास ९ ऑगस्ट १९०२ रोजीं राज्याभिषेक झाला. त्याच दिवसांत वेदरफील्डमध्यें सात घरांची एक ओळ बांधून पुरी झाली, म्हणून तिला राज्याभिषेकाचें नांव मिळालें. ओळीच्या एका टोकास पब, दुसऱ्या टोकास वाणसामानाचें दुकान, आसपास हार्डकॅसल नांवाच्या धनिकाची कापडाची गिरणी आणि 'ग्लॅड टायडिंग्ज' नांवाचें प्रार्थनामंदिर. पब 'न्यूटन अँड रिडले' या बिअर करणाऱ्या पेढीचा. रिडले घराण्यांतील फिलिप नांवाचा लेफ्टनंट बोअर युद्धांतून सुखरूप परत आला, त्याच्या गौरवार्थ पबास नांव दिलें 'रोव्हर्स रिटर्न', म्हणजे भटक्याचें परतणें.

आतां वस्तुस्थिति पाहावी. टोनी वॉरन हा सॅलफर्डच्या बाजूचा चोवीस वर्षांचा तरुण लेखक. त्यानें आपल्या संहितेस 'फ्लोरिझेल स्ट्रीट' असें नांव दिलें होतें. कचेरींत चहा देणाऱ्या बाईस तें नांव जंतुनाशक औषधाचें वाटलें, म्हणून तें बदललें, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, ती आम्हांस फार आवडते. मग ज्युबिली कीं कॉरोनेशन, असा प्रश्न पडला व दुसऱ्या नांवावर शिक्कामोर्तब झालें. म्हणजे १९०२ च्या राज्याभिषेकावरून गल्लीस नांव पडलें नसून, १९६० सालीं ठरलेल्या नांवावरून गल्लीस १९०२ हें जन्मवर्ष मिळालें! ज्युबिली हें नांव ठरलें असतें तर तीच घरें व्हिक्टोरिया राणीच्या राजवटींत, १८८७ किंवा १८९७ सालीं, बिनतक्रार बांधलीं गेलीं असतीं. पबाच्या नांवाचाहि प्रकार तसाच. रोव्हर्स रिटर्न नांवाची एक फार जुनी पानशाळा मँचेस्टरच्या विदी ग्रोव्ह भागांत खरोखरच होती. ती १९५८ सालीं पाडण्यांत आली. पुढें दोन वर्षांनीं तेंच नांव या कल्पित पबाच्या पाटीवर चढलें, आणि लेफ्टनंटसाहेब मागाहून युद्धावरून परत आले. शब्द आधीं आणि व्युत्पत्ति नंतर, ही पुराणकारांची रीत मँचेस्टरकरांसहि साधली म्हणावयाची.

यांत हंसण्यासारखें असलें तरी हिणवण्यासारखें कांहीं नाहीं. या नामकथेस पुढें जी पुस्ती जोडलेली आहे ती तर आम्हांस फारच मार्मिक वाटते. मूळ पाटीवर इंग्रजी षष्ठीचें चिन्ह एकवचनीं होतें; परतणारा एकच, तोहि मालकांच्या घरचा. पहिलें महायुद्ध संपल्यावर तें चिन्ह काढून टाकलें, आणि पबाचें नांव परतलेल्या सगळ्या शिपायांचें झालें. व्याकरणांतील एवढ्याशा फरकानें सरदाराची कथा रयतेची होते. पानेंच्या पानें लिहून जें साधलें नसतें तें येथें एका चिन्हाच्या लोपानें साधलें आहे. मात्र जे परतले नाहींत त्यांच्याबद्दल पाटी मुग्ध आहे. १ जुलै १९१६ रोजीं सोमच्या लढाईंत, थिएपव्हालसमोर, सॅलफर्डच्या गल्ल्यांतून भरती झालेल्या लँकेशायर फ्युझिलिअर्सच्या पलटणी कापल्या गेल्या. त्यांतलाच भासावा असा एक म्हातारा शिपाई, अल्बर्ट टॅटलॉक, गल्लीच्या पहिल्या घरांत राहतो. तो युद्धाच्या त्याच त्या गोष्टी इतक्या वेळां सांगतो कीं पबांतलीं माणसें कंटाळून जातात. आणि गोष्टीच्या शेवटीं त्याची नजर कोणी रम पाजतो काय, इकडे असते. आमच्या मतें पाटीच्या इतिहासाहून हा म्हातारा अधिक खरा आहे.

यावरून आम्ही आमच्या मुख्य म्हणण्याकडे येतों. या गल्लीचा भूतकाळ दोन ठिकाणीं राहतो, पात्रांच्या तोंडीं आणि ग्रंथांत. आणि हे दोन भूतकाळ एकाच जातीचे नव्हेत. पहिल्याच भागांत दुकान विकत घेऊन नवी आलेली फ्लॉरी लिंडली गल्ल्यावर उभी आहे, तोंच केंसांवर जाळी घातलेली एना शार्पल्स आंत येते. ही प्रार्थनामंदिराची राखणदारीण. मालाची चौकशी करतां करतां ती त्या बाईची उलटतपासणी घेते: तूं विधवा काय, कोणत्या देवळाची, कोठून आलीस. गल्लीस इतिहास आहे असें येथें कोणी सांगत नाहीं. पण नवागतास प्रश्न विचारण्याचा हक्क ज्या थाटांत ही म्हातारी बजावते, त्यावरून ती तेथें किती पावसाळे राहिली आहे हें प्रेक्षक न सांगतां ओळखतो. चाळीच्या जिन्यांत नव्या बिऱ्हाडाचीं भांडीं मोजीत उभ्या राहणाऱ्या आजीबाई ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस एनाचा परिचय करून देण्याचें कारण नाहीं. तसेंच पबाच्या मालकीणबाईंचें. ॲनी वॉकर बिअरचे पेले भरते, परंतु आपण क्लिदरोच्या बोमंट घराण्यांतल्या, हें ती विसरत नाहीं आणि दुसऱ्यासहि विसरूं देत नाहीं. तें घराणें खरोखर किती थोर होतें याची नोंद कोणी ठेवलेली नसती तर बरें झालें असतें, कारण त्या कुलकथेची सगळी गोडी ती ऐकणारांच्या चेहऱ्यांवर असते. भूतकाळ येथें भांडणाचें हत्यार आहे. ज्याला त्याची गरज पडली त्यानें तो काढावा, वापरावा, पुन्हां कनवटीस लावावा.

ग्रंथांतल्या भूतकाळाची गोष्ट वेगळी. मालिकेनें पुढें आपला दप्तरदार नेमला. त्या जागेवर काम केलेल्या डॅरन लिटल यांनीं १९९५ सालीं गल्लीची बखर प्रसिद्ध केली, आणि अलीकडे तर मालिकेच्या आरंभापूर्वीच्या काळावर कादंबऱ्याहि निघाल्या. २०१७ च्या एका कादंबरींत तरुण एल्सी महायुद्धाच्या धामधुमींत वावरते. अशा ग्रंथांची उपयुक्तता आम्हांस मान्य आहे. शेंकडों लेखकांच्या हातून गेलेल्या कथेंत एखाद्याचा बाप दोनदां मरूं नये, एवढ्यासाठीं तरी दप्तर हवें. परंतु दप्तरांत शिरतांच भूतकाळ कोणाच्याहि उपयोगाचा राहत नाहीं. कोण कोणत्या सालीं कोणत्या क्रमांकाच्या घरांत राहावयास आलें हें वाचतांना जन्ममृत्यूची नोंदवही वाचल्याचा भास होतो, आणि एल्सी टॅनरच्या ज्या यौवनाबद्दल शेजारणी नुसत्या भुंवया उंचावीत असत, तें उघड्यावर आलें म्हणजे इतर दहा जणींच्या यौवनासारखेंच निघतें.

शिवाय आणखी एक गोष्ट या ग्रंथकारांच्या ध्यानांत आलेली दिसत नाहीं. १९०२ पासून १९६० पर्यंतचा कल्पित काळ अठ्ठावन वर्षांचा. मालिका चालू होऊन २०१८ सालींच अठ्ठावन वर्षें झालीं. म्हणजे प्रेक्षकांनीं प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहिलेला काळ आतां रचलेल्या काळाहून मोठा आहे, आणि या पाहिलेल्या काळापुढें रचलेला काळ फिका पडतो. १९६५ सालीं कथेंत सात क्रमांकाचें घर कोसळलें. तें पुन्हां बांधलें नाहीं. ओळींत दांत पडल्यासारखी खिंड राहिली, तेथें एक बांक आला. पुढें १९८२ सालीं लेन फेअरक्लफनें तेथें नवें घर उभें केलें. सतरा वर्षें ज्यानें ती खिंड पाहिली त्याला तिचा इतिहास सांगावा लागत नाहीं. केन बार्लोचें उदाहरण याहून ठळक. पहिल्या भागांत तो कॉलेजांत शिकणारा मुलगा, आपल्या घरच्या रीतिभातींची लाज वाटणारा. तेच नट, विल्यम रोच, तीच भूमिका करीत वृद्ध झाले. गल्लीस पुराणपुरुष हवा होता तर तो आयता, चालताबोलता, तिच्याजवळ आहे.

येथवर कलेची चर्चा झाली. आतां थोडें कटु लिहिणें भाग आहे. या स्थलपुराणांत राजा आहे, लेफ्टनंट आहे, मद्याची पेढी आहे. परंतु ज्या गिरणीमुळें असल्या गल्ल्या अस्तित्वांत आल्या ती गिरणी पडद्यावरील चित्रासारखी मागें उभी आहे, हार्डकॅसल कोणत्या बाजारांत माल विकीत होता याची दखल नाहीं. ती बाजारपेठ आम्हांस चांगली ठाऊक आहे, कारण ती आम्हीच होतों. लँकेशायरच्या सुती कापडाचें सर्वांत मोठें गिऱ्हाईक हिंदुस्थान; त्या कापडास धक्का लागूं नये म्हणून १८९६ सालीं मुंबईच्या गिरण्यांच्या मालावर शेंकडा साडेतीन कर बसला, व तो जावयास १९२६ साल उजाडलें. सप्टेंबर १९३१ मध्यें गांधी लँकेशायरमधील डार्वेन येथें गेले तेव्हां बेकार गिरणीकामगारांनीं त्यांचें जें स्वागत केलें तें प्रसिद्धच आहे. तेव्हां वेदरफील्ड खरें असतें तर एना शार्पल्सच्या शेजारणींच्या चुली थंड होण्याचा आणि आमच्या स्वदेशीचा कांहीं तरी संबंध तेथें कोणी तरी बोलून दाखविला असता, रागानें कां होईना. पुढें १९९९ सालीं गल्लीच्या कोपऱ्यावरचें दुकान रवि देसाई यांच्या कुटुंबानें घेतलें, म्हणजे संबंध जोडण्याची संधि पुन्हां दारीं आली. देसाई आले ते मात्र जणूं आकाशांतून पडले. त्यांच्या येण्यास शंभर वर्षांची एक बाजू आहे हें गल्लीस आठवलें नाहीं.

कोणी म्हणेल, मालिका ही करमणूक आहे, तिच्याकडून व्यापाराचा इतिहास कां मागतां? आम्ही इतिहास मागत नाहीं, आठवण मागतों. सॅलफर्डमध्यें जन्मलेले आणि तेथेंच आईच्या वाण्याच्या दुकानांत वाढलेले रॉबर्ट रॉबर्ट्‌स यांचा 'द क्लासिक स्लम' हा ग्रंथ १९७१ सालीं निघाला. एडवर्डच्याच राज्यांतली तशीच गल्ली. पण तिच्यांत सोमवारीं गहाण पडणारे रविवारचे कपडे आहेत, दुकानदारानें कोणाला उधार द्यावें व कोणाला नाहीं यावर ठरणारी प्रतिष्ठा आहे, आणि दरिद्री लोकांनींहि आपसांत पाळलेली उच्चनीचता आहे. त्या दुकानांतून पाहिलेली गल्ली आणि फ्लॉरी लिंडलीच्या दुकानांतून पाहिलेली गल्ली यांत फार अंतर नाहीं; वॉरनला दोन्ही दिसत होत्या असें पहिले भाग पाहतां वाटतें. मागाहून बखर लिहिणारांनीं मात्र राज्याभिषेकाची पताका उचलली आणि गहाणवटदाराची पाटी तेथेंच राहूं दिली.

ज्या खऱ्या गल्लीवरून ही कल्पित गल्ली बेतली ती सॅलफर्डच्या ऑर्डसॉल भागांतील आर्ची स्ट्रीट. १९७१ सालीं ती पाडली. तेथील माणसें नव्या वसाहतींत पांगलीं, आणि त्यांच्या गल्लीची बखर लिहिण्यासाठीं कोणी दप्तरदार नेमला नाहीं. कल्पित गल्ली मात्र दोनदां नव्यानें बांधली गेली. आजची तिची इमारत ट्रॅफर्ड वॉर्फवर, जुन्या गोद्यांच्या पाण्यापलीकडे आहे, आणि तिचे दगडी रस्ते पाहावयास लोक तिकीट काढून जातात. पाण्याच्या अलीकडे, फारसें चालावें न लागतां, ऑर्डसॉल आहे.