विनंती अर्ज ऐसा जे...

शाळेत मराठीच्या पेपरात एक अर्ज हमखास असायचा. 'मा. मुख्याध्यापक यांस, विषय : सहलीस परवानगी मिळणेबाबत.' त्या अर्जाचं एक बरं होतं, काय हवंय ते दुसऱ्या ओळीत कळायचं. गेली दहा-बारा वर्षं मी इथल्या फाउंडेशन्सकडे जाणारे ग्रँटचे अर्ज वाचतो आहे. तिकडच्या लहान संस्थांसाठी काही लिहूनही दिले आहेत. त्यांत काय हवं ते सहाव्या पानावर कळतं आणि का हवं ते पुष्कळदा शेवटपर्यंत कळत नाही. आपल्या स्मरणिकेत पुस्तकांची, नाटकांची परीक्षणं येतात. आपली देणगी समिती दरवर्षी ज्या वाङ्मयावर पैसे खर्च करते त्याचं परीक्षण मात्र कोणी केलेलं नाही. मी त्या समितीवर आहे, तेव्हा सुरुवात मीच करतो.

या वाङ्मयप्रकाराची पहिली खूण म्हणजे यात माणसं नसतात. बीड जिल्ह्यातल्या एका लहान संस्थेच्या ताईंशी फोनवर बोलून मी एक अर्ज तयार केला होता. त्या सांगत होत्या, "भाऊ, दिवाळीच्या आसपास आईबाप ऊसतोडीला जातात, पोरं आजीपाशी राहतात. आजीला दिसत नाही धड. म्हणून आम्ही पोरं कुणाच्या तरी ओट्यावर गोळा करतो, जेवू घालतो, पाढे म्हणून घेतो." मी लिहिलं, 'कम्युनिटी-बेस्ड सीझनल लर्निंग सपोर्ट मॉडेल'. आजी गेली, ओटा गेला, पाढेही गेले. वाक्याला कर्ताच उरला नाही. आणि खरं सांगायचं तर ते वाक्य लिहिल्यावर मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं!

(एक तांत्रिक गंमत. ऑनलाइन फॉर्मवर उत्तराला कॅरेक्टर्सची मर्यादा असते. युनिकोडमध्ये हलन्त आणि वेलांटी वेगळी मोजली जाते, त्यामुळे 'स्त्री' हे एवढंसं अक्षर सहा कॅरेक्टर्स खातं. अर्थात मराठीत अर्ज कोणी मागवतच नाही, म्हणून ही अडचण आजवर कोणाला आलेली नाही.)

दुसरी खूण म्हणजे भविष्यकाळ. संस्था तीन वर्षांनी कुठे असेल, किती मुलं, किती केंद्रं, कोणत्या तिमाहीत, हे सगळं आधी सांगायचं. याचं मूळ 'लॉजिकल फ्रेमवर्क' नावाच्या तक्त्यात आहे. तो १९६९ साली अमेरिकी सरकारच्या यूएसएड या संस्थेसाठी तयार झाला. उद्दिष्ट, फलित, मोजमाप, गृहीतकं, सगळं एका चौकटीत. त्याच वर्षी इथल्या करकायद्यात मोठा बदल होऊन खाजगी फाउंडेशन्सवर कडक बंधनं आली. परदेशी संस्थेला दिलेला पैसा ठरल्या कामासाठीच खर्च झाला का, हे पाहण्याची जबाबदारी देणाऱ्यावर आली. तेव्हा फॉर्मला नुसतं झोडपून चालणार नाही. फॉर्म नव्हते तेव्हा पैसा ओळखीपाळखीवर जायचा. ज्याला इंग्रजी येत नाही, ज्याचा मेहुणा न्यू जर्सीत नाही, त्याला निदान दार तरी फॉर्मने दाखवलं. चौकट ठेवण्यात गैर काही नाही, पण तीन वर्षांचं भविष्य आधीच माहीत असल्यासारखं लिहायला लावणं मला खटकतं. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात, सगळं आधी लिहून मग बांधायला घेतलं की काय होतं, हे आम्ही कोट्यवधी डॉलर्स घालवून शिकलो. २००१ मध्ये त्यावर 'अजाइल'चा जाहीरनामा निघाला. आठवडाभर ऑफिसात त्याची जपमाळ ओढणारे आम्हीच शनिवारी मंडळाच्या मीटिंगला बसलो, की तालुक्याच्या संस्थेला विचारतो, "तिसऱ्या वर्षाचं टार्गेट स्पष्ट नाही हो!"

या संदर्भात एक पुस्तक जरूर वाचावं. मेबेल आणि रजनीकांत आरोळे यांचं 'जामखेड', १९९४ साली इंग्रजीत आलेलं. हे डॉक्टर दांपत्य जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्यात गेलं. पुढे १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार, जगभरातून येणारे प्रशिक्षणार्थी, हे आपल्याला ठाऊक असतं. पण अर्जाच्या दृष्टीने वाचलं तर पुस्तकाचा गाभा वेगळाच निघतो. सुरुवातीची योजना शिकलेल्या नर्सेसनी गावांत राहून काम करण्याची होती. ते जमलं नाही. मग गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना शिकवण्याची कल्पना पुढे आली, आणि जामखेड ज्यासाठी जगात ओळखलं जातं ते हेच. म्हणजे जामखेडची सर्वांत मोठी गोष्ट पहिल्या योजनेत नव्हतीच! आरोग्याच्या कामाला गेलेल्यांकडे लोकांनी आधी पाणी आणि अन्न मागितलं. बहात्तरचा दुष्काळ समोर होता. हातपंप बसवले ते दलित वस्तीत, म्हणजे बाकी गावाला पाण्यासाठी तिथे यावंच लागेल. आता हे आजच्या फॉर्मवर कुठल्या रकान्यात लिहाल? खरा हेतू लिहिला तर गावातल्या पुढाऱ्यांना कळेल, आणि नाही लिहिला तर 'सामाजिक परिणाम' शून्य.

पुस्तकाची एक मर्यादा मला जाणवते. ते यश मिळाल्यानंतर, वीस-बावीस वर्षांनी, मागे वळून लिहिलेलं आहे. फसलेल्या गोष्टी त्यात मोकळेपणाने येतात, कारण तोवर त्या फळलेल्या असतात. फसणं चालू असताना ते देणगीदाराला कसं सांगायचं, हे मला त्यात पुरेसं सापडलं नाही. मला नेमकं तेच हवं होतं.

कारण ताईंचा तो अर्ज मंजूर झाला. मी लिहिलेल्या मॉडेलप्रमाणे दुसऱ्या वर्षी बारा गावांत बारा केंद्रं व्हायची होती. त्या वर्षी पाऊस नव्हता, गावात प्यायला पाणी नव्हतं. मुकादमाकडून उचल घेऊन माणसं लवकर निघाली आणि या खेपेला पोरांना, आज्यांनाही घेऊन गेली. ताईंचं म्हणणं साधं होतं. पोरं फडावर आहेत, तर आपणही कारखान्याजवळच्या कोप्यांवर जाऊ, तिथेच शिकवू. पण पैसा केंद्रांसाठी बांधलेला. मी फाउंडेशनला बदलाची विनंती पाठवली. त्यांनी सुधारित तक्ता मागितला, मग सुधारित बजेट. होकार यायला अडीच महिने लागले, निम्मा हंगाम उलटला. ताई एवढंच म्हणाल्या, "पैसे बँकेत आहेत हो भाऊ, पण आपले नाहीत." फाउंडेशनवर राग काढणं सोपं होतं. पण 'बारा केंद्रं' हे शब्द त्यांनी माझ्याकडून मागितले नव्हते. नऊपेक्षा बारा बरे दिसतात म्हणून मी ते घातले होते.

त्यातून ताईंची संस्था नशीबवान, तिच्याकडे एफसीआरएची नोंदणी होती. पूर्वी नोंदणी नसलेल्या लहान संस्थांना मोठ्या संस्थेमार्फत परदेशी पैसा मिळू शके. २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीला तो देणं बंद झालं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. नव्या नोंदणीसाठी तीन वर्षांत पंधरा लाख खर्च केलेले दाखवावे लागतात. म्हणजे आपल्यापर्यंत जे अर्ज पोचतात ते मुळातच चाळून आलेले असतात. त्यांना आपण पुन्हा आपली चाळणी लावतो. आपल्या मंडळाचा फॉर्म अकरा पानांचा आहे, दोन हजार डॉलर्ससाठी! त्यातली सात पानं मीच एका मोठ्या फाउंडेशनच्या फॉर्मवरून उतरवली होती.

यंदा मी एका पानाचा मसुदा केला आहे. नोंदणी, हिशेब, कामाचं वर्णन मराठीत चालेल, आणि एक नवा प्रश्न : गेल्या वर्षी काय ठरवलं होतं आणि प्रत्यक्षात काय करावं लागलं? खजिनदारांचं म्हणणं, असं विचारलं तर संस्था घाबरतील. म्हणून मी तो मसुदा ताईंना वाचायला पाठवला. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. प्रश्न चांगला आहे म्हणाल्या. मग थोडं थांबून विचारलं, "पण भाऊ, खरं लिहिलं तर पैसे मिळतील ना?"

त्यांचा प्रश्न मी समितीकडे जसाच्या तसा पाठवला आहे. गणपती झाल्यावर मीटिंग आहे.