चालणाऱ्यांचा नकाशा

आयर्लंडमध्ये डब्लिन शहराच्या दक्षिणेला विकलो नावाचे डोंगर आहेत. त्यांतले सर्वांत उंच शिखर लुग्नाक्विला, उंची ९२५ मीटर. आपल्या कळसूबाईपुढे ही टेकडीच म्हणायची. माथाही सपाट आणि गवताळ. स्वच्छ हवा असेल तर वर पोचून डबा उघडावा आणि आल्या वाटेने परत यावे, इतके सोपे. पण या माथ्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला हिमनद्यांनी कोरून काढलेल्या दोन खोल दऱ्या आहेत. त्यांची नावेच 'उत्तर तुरुंग' आणि 'दक्षिण तुरुंग' अशी आहेत. वायव्येकडच्या खोऱ्यात लष्कराच्या तोफखान्याचे सरावक्षेत्र आहे. अटलांटिककडून ढग आले की दहा पावलांपुढचे दिसत नाही, आणि सपाट माथ्यावर उताराचा आधार नसल्यामुळे कोणती बाजू कोणती हेही कळत नाही. मग उरतात दोनच गोष्टी, होकायंत्र आणि नकाशा.

कामानिमित्त आम्हांला काही महिने डब्लिनला राहावे लागले, तेव्हा रविवारी या डोंगरांत जाण्याची सवय लागली. तिथल्या दुकानांत एकाच डोंगराचे तीन-चार निरनिराळे नकाशे विकत मिळतात याची प्रथम गंमत वाटली. जमीन एक, मग नकाशे चार कशाला? 'त्यांतला अचूक कोणता?' असा प्रश्न आम्ही बरेच दिवस विचारत होतो. तो प्रश्नच अपुरा होता असे आता वाटते. नकाशा कोणाच्या कामासाठी काढला आणि त्या जमिनीवरून शेवटचे कोण, केव्हा चालत गेले, हे विचारायला हवे होते.

सुरुवात जुन्या काळापासून करावी लागेल. आयर्लंडचे ऑर्डनन्स सर्वेक्षण १८२४ साली थॉमस कोल्बी याच्या हाताखाली सुरू झाले. हेतू सरळ होता, जमिनीवरचा कर नीट आकारता यावा. आयर्लंडची जमीन 'टाउनलँड' नावाच्या छोट्या तुकड्यांत वाटलेली आहे. आपल्याकडच्या शिवारासारखा हा प्रकार, प्रत्येकाला स्वतंत्र नाव, आणि असे तुकडे साठ हजारांहून अधिक. त्यांच्या सीमा निश्चित केल्याशिवाय कर ठरवता येत नव्हता. म्हणून मैलाला सहा इंच, म्हणजे १:१०,५६० अशा मोठ्या प्रमाणावर सबंध बेट मोजले गेले आणि १८४६ पर्यंत सर्व परगण्यांची पत्रके छापून झाली. इतक्या मोठ्या प्रमाणावर संपूर्ण मोजला गेलेला हा पहिलाच देश.

या कामासाठी १८२७-२८ साली लॉख फॉइल या सागरी खाडीच्या काठी जी आधाररेषा मोजली, तिच्याशी आपलाही संबंध आहे. धातूची पट्टी उन्हाने लांबते, मग तिने मैलोन्मैल मोजायचे कसे? कोल्बीने लोखंडाची व पितळेची अशा दोन पट्ट्या मध्यावर एकत्र जखडल्या. पितळ लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावते. दोन्हींच्या टोकांना जोडणाऱ्या छोट्या पात्यांवर त्याने अशा जागी ठिपके ठेवले की पट्ट्या कितीही लांबल्या तरी दोन टोकांच्या ठिपक्यांमधले अंतर तेच राहावे. अशाच पट्ट्या घेऊन जॉर्ज एव्हरेस्ट १८३० साली भारतात परतला आणि १८३१-३२ साली कलकत्त्याजवळची आधाररेषा त्याने त्यांनीच मोजली. प्रसरणाचा धडा शिकवताना रेल्वेच्या रुळांमधली फट नेहमी सांगितली जाते. त्याबरोबर हे उदाहरणही सांगावे.

मात्र ही उत्कृष्ट पत्रके घेऊन कोणी डोंगरावर गेला असता तर त्याचे हाल झाले असते. पहिल्या आवृत्तीच्या बहुतेक पत्रकांवर समोच्च रेषा नाहीत. शेताचे कुंपण आहे, झोपडी आहे, चुन्याची भट्टी आहे. डोंगराच्या अंगावर मात्र ओसाड पांढरा कागद. कर आकारण्याजोगे तिथे काही नव्हते, म्हणून तिथे पाहण्याचे कारणही नव्हते. नावांचेही तसेच. जॉन ओ'डोनोवन यांच्यासारख्या थोर विद्वानाने गावोगाव फिरून आयरिश नावांची मुळे शोधली, परंतु नकाशावर ती इंग्रजी कानाला सोयीची करून छापली गेली. लुग्नाक्विला हे मूळचे 'लोग ना क्विला', म्हणजे रानातला खळगा. नाव खालच्या दरीचे, चिकटले शिखराला. अनेक शिखरांना तर नकाशावर नावच मिळाले नाही. खालच्या मेंढपाळांना ते ठाऊक होते, पण शिखराचे नाव करवसुलीच्या उपयोगाचे नव्हते.

पुढे दीड शतक डोंगर चढणाऱ्यांनी मिळेल त्यावर भागवले. १९८० च्या दशकापर्यंत त्यांच्या हातात बहुधा मैलाला अर्धा इंच, म्हणजे १:१,२६,७२० प्रमाणाचे नकाशे असत. एक किलोमीटरला जेमतेम आठ मिलिमीटर! त्यानंतर सरकारी सर्वेक्षणाने 'डिस्कव्हरी' ही १:५०,००० ची मालिका काढली. उत्तर आयर्लंडच्या सर्वेक्षणाबरोबर वाटून घेऊन १ ते ८९ क्रमांकांच्या पत्रकांत सबंध बेट आले. किलोमीटरला दोन सेंटिमीटर आणि समोच्च रेषा दर दहा मीटरला. आपल्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या त्याच प्रमाणाच्या पत्रकांवर रेषा सामान्यतः वीस मीटरला असतात, हे लक्षात घेतले तर ही मोठीच चैन.

या मालिकेचे ऋण मान्य करूनही तिच्यातले दोष सांगायला हवेत. तिचे उठाव हवाई छायाचित्रांवरून काढलेले आहेत. विमानातून घेतलेल्या छायाचित्रात उत्तरेकडच्या दऱ्या सावलीत असतात आणि दाट झाडीखालची जमीन दिसत नाही. नेमक्या याच जागी चालणाऱ्याला मदत हवी असते. कडा आहे हे बहुतेक ठिकाणी रेषांच्या गर्दीवरूनच ओळखावे लागते. शिवाय दहा मीटरच्या दोन रेषांमध्ये आठ मीटरचा उभा कातळ सहज लपतो. कागदावर सौम्य उतार, प्रत्यक्षात पाय मोडण्याची सोय. शेतांच्या भिंती आणि कुंपणे तर दाखवलेलीच नाहीत. मोटारीने फिरणाऱ्याला ती नकोच असतात. धुक्यात चालणाऱ्याला मात्र भिंतीइतका विश्वासू सोबती नाही. भिंत धरून चालत राहिले की माणूस खाली पोचतो.

या उणिवा भरून काढायला चालणारेच नकाशाकार झाले. स्कॉटलंडच्या हार्वी संस्थेने काही आयरिश डोंगरांचे १:३०,००० चे, पावसात न भिजणारे नकाशे काढले. 'ईस्टवेस्ट मॅपिंग' या छोट्या आयरिश प्रकाशनाने विकलोपासून सुरुवात करून इतर डोंगर हाती घेतले. त्यांच्या कामाची पद्धत आम्हांला विशेष वाटते. वाट प्रत्यक्ष चालून पाहायची, आणि खालच्या शेतकऱ्यांना विचारून ओढ्यांची, कातळांची, कुरणांची नावे नकाशावर आणायची. ओ'डोनोवन यांचे अर्धे राहिलेले काम एका परीने पुढे चालू आहे. या नकाशांवरही आमची तक्रार आहे. माहिती इतकी दाट की पावसात, वाऱ्यात, ओल्या चष्म्यातून बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. आणि खाजगी प्रकाशक साहजिकच जिथे चालणारे अधिक तिथून सुरुवात करतो. डब्लिनजवळच्या डोंगराचे तीन-चार नकाशे, तर दूरच्या एकाकी डोंगरासाठी सरकारी १:५०,००० एवढाच आधार, अशी विषमता त्यातून येते.

या परंपरेत टिम रॉबिन्सन यांचे नाव घेतलेच पाहिजे. जन्माने इंग्रज, शिक्षणाने गणिती. १९७२ साली ते अरन बेटांवर राहायला गेले, आणि पायी फिरून, लोकांकडून नावे गोळा करून त्यांनी १९७५ साली बेटांचा, १९७७ साली बरेन या चुनखडीच्या पठाराचा आणि १९९० साली कॉनमाराचा नकाशा काढला. २०२० साली ते वारले. त्यांचे नकाशे धुक्यात वाट काढण्यासाठी नव्हेत. पण भूगोलाच्या शिक्षकाने ते एकदा पाहावेत.

आता मुख्य अडचण. नकाशा छापला त्या दिवसापासून शिळा व्हायला लागतो. डोंगर हलत नाही, मग शिळे काय होते? आयर्लंडच्या डोंगरउतारांवर सरकारी वन कंपनी क्वील्चा हिची सिटका स्प्रूसची लागवड आहे. चार-पाच दशकांत झाड तयार होते आणि सगळा पट्टा एकदम तोडला जातो. नवे रस्ते निघतात, जुने झाडोऱ्यात बुजतात. आम्ही एकदा नकाशातल्या जंगलरस्त्याने उतरत होतो. तो रस्ता तोडलेल्या बुंध्यांच्या आणि फांद्यांच्या ढिगाऱ्यात संपला. पाऊण किलोमीटर अंतराला दीड तास लागला आणि शेवटची बस गेली. नकाशा कोणाचा होता हे सांगण्यात अर्थ नाही. तो छापला तेव्हा बरोबरच होता.

काही गोष्टी तर जमिनीवर काहीही न बदलता शिळ्या होतात. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे नव्हे, चुंबकीय उत्तरेकडे वळते, आणि ही उत्तर सरकत असते. १९९० च्या सुमारास आयर्लंडच्या पूर्व भागात सुई खऱ्या उत्तरेच्या साधारण सात अंश पश्चिमेला असे. आता तो फरक दोन-तीन अंशांवर आला आहे. जुन्या नकाशाच्या समासातला आकडा आज वापरला तर सुमारे चार अंशांची चूक होईल. वर्गात गणित करून पाहावे: एक किलोमीटर चाललो तर चार अंशांच्या चुकीने किती बाजूला जाऊ? सुमारे सत्तर मीटर. लुग्नाक्विलाच्या धुक्यात, दोन तुरुंगांच्या मधून जाताना, सत्तर मीटर म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

उंचीचा किस्साही असाच. आयर्लंडचे सर्वोच्च शिखर कॅरनटूहिल जुन्या नकाशांवर ३४१४ फूट, म्हणजे १०४०.६ मीटर आहे. नव्या नकाशांवर १०३९. डोंगर खचला काय? जुनी उंची डब्लिनच्या पूलबेग दीपगृहापाशी ८ एप्रिल १८३७ रोजी आलेल्या उधाणाच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली आहे. नवी उंची मॅलिन हेड येथील १९६० ते १९६९ या काळातल्या सरासरी समुद्रसपाटीपासूनची आहे. ओहोटीची पातळी सरासरीच्या सुमारे २.७ मीटर खाली. ती वजा केली की १०३७.९ उरतात, आधुनिक मोजणी १०३८.६ सांगते. म्हणजे थिओडोलाइट आणि त्रिकोणमितीच्या जोरावर जुन्या मोजणीदारांची चूक ७० सेंटिमीटरच्या आसपास होती! 'समुद्रसपाटीपासून' हा शब्द आपण वर्गात किती सहज वापरतो.

हे सगळे आता उपग्रहांनी आणि लेसरने सोपे झाले नाही काय, असे कोणी विचारील. काही अंशी झाले आहे. लेसरचे किरण फांद्यांमधून जमिनीपर्यंत पोचतात, तेव्हा झाडीखालचा उठावही कळतो. पण विमानातल्या लेसरला कुंपण ओलांडायच्या शिडीची फळी कुजली आहे हे कळत नाही, आणि शेतकऱ्याने फाटकाला नवे कुलूप घातले आहे हेही नाही. मोबाइलवरच्या नकाशाचा आणखी एक दोष आहे. कागदाच्या समासात सर्वेक्षणाचे वर्ष छापलेले असते. पडद्यावरच्या नकाशात ते शोधूनही सापडत नाही. जुने आणि नवे एकाच ताज्या रंगात दिसते.

कुलपाचा विषय निघाला म्हणून एक नाजूक बाब सांगतो. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने डोंगरांत फिरण्याचा हक्क सर्वांना आहे. आयर्लंडमध्ये तसा हक्क नाही. डोंगर बहुधा कोणाच्या तरी मालकीचा असतो आणि चालणारा मालकाच्या भलेपणावर चालतो. नकाशावर रस्ता किंवा वाट दाखवली म्हणजे तिथून जाण्याचा हक्क आहे असे नव्हे, अशी सूचना सरकारी नकाशांवर छापलेली असते. चालणारा ती वाचत नाही. त्याला तुटक रेषा दिसते, आणि रेषा म्हणजे वाट. एकट्या-दुकट्या माणसाच्या पायाखालची वाट नकाशावर आली की शेकडो लोक येतात. पीट या ओल्या, स्पंजासारख्या मातीचा चिखल होतो, वाट रुंदावत जाते. विकलोतल्या जाउस शिखराच्या वाटेवर शेवटी रेल्वेचे जुने स्लीपर अंथरावे लागले. म्हणून जाणता नकाशाकार काही वाटा माहीत असूनही काढत नाही. आमच्या एका आयरिश सहकाऱ्याला हे अजिबात पटत नाही. माहीत असलेली सुरक्षित वाट लपवली आणि कोणी धुक्यात कड्यावरून पडला तर जबाबदार कोण, असे तो विचारतो. या वादाचा निकाल आम्हांला लावता आलेला नाही. तरी वाट काढायची की नाही हे ज्याने ती चालून पाहिली आणि फाटकापाशी उभे राहून मालकाशी बोलणे केले त्याने ठरवावे, केवळ छायाचित्र पाहणाऱ्याने नव्हे, इतके आम्ही म्हणू.

१ मार्च २०२३ रोजी आयर्लंडचे सर्वेक्षण खाते, जमिनीची नोंदणी आणि मालमत्तेचे मूल्यांकन ही तीन खाती एकत्र करून 'टाल्चा एरन' ही नवी संस्था झाली. दोनशे वर्षांनी नकाशा आणि कर पुन्हा एका छपराखाली आले. कार्यालयाच्या दृष्टीने ते सोयीचेच. डोंगराचे पांढरे कागद मात्र पूर्वीप्रमाणेच चालणाऱ्यांना भरावे लागतील असे दिसते. आम्ही लुग्नाक्विलावर पुन्हा गेलो तर पाठीवरच्या पिशवीत सरकारी १:५०,००० चे पत्रक ठेवू, आजूबाजूचा सगळा मुलूख समजण्यासाठी. हातात चालून काढलेला मोठ्या प्रमाणाचा नकाशा धरू. आणि निघण्यापूर्वी दोन्हींच्या समासातले वर्ष पाहून होकायंत्राची दुरुस्ती नव्याने करून घेऊ.