विघ्न आणि रस : लढाऊ विमानांच्या सिम्युलेटर खेळांतील वैताग आणि आनंद

सारांश

लढाऊ विमान चालविण्याचा अनुभव संगणकावर शक्य तितक्या यथार्थपणे उभा करणारे खेळ खेळाडूला सुरुवातीच्या काळात आनंदापेक्षा वैतागच अधिक देतात. तरीही त्यांचे खेळाडू त्यांना वर्षानुवर्षे सोडत नाहीत. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार अभिनवगुप्तांच्या ‘रसविघ्न’ या संकल्पनेच्या आधारे केला आहे. त्यासाठी मुख्य उदाहरण म्हणून मिग-२१ या विमानाचे संगणकीय रूप घेतले आहे. या खेळांतील सर्व अडचणी एकाच जातीच्या नाहीत, त्यांतील काही अडचणी हाच आनंदाचा आधार आहे, मात्र या आनंदाला एक नैतिक मर्यादाही आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : सिम्युलेटर, रसविघ्न, साधारणीकरण, सराव, मिग-२१, वऱ्हाड

प्रस्तावना

अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील दोन प्रमुख शहरांचा विमानाशी असलेला संबंध दीर्घकाळ दुरूनच राहिला. अकोल्याजवळील शिवणीचा विमानतळ १९४३ सालचा आहे. परंतु नियमित प्रवासी सेवा तेथे स्थिरावली नाही. अमरावतीजवळील बेलोरा विमानतळावरून मुंबईसाठी नियमित प्रवासी उड्डाण सुरू झाले ते १६ एप्रिल २०२५ रोजी. मधल्या काळात, विशेषतः २००० नंतरच्या दशकात, घरोघरी संगणक आले आणि चौकाचौकांत सायबर कॅफे उघडले. धावपट्टी जवळ असूनही विमान दूर असलेल्या या प्रदेशातील हौशी तरुणाला वैमानिकाच्या आसनावर बसण्याची पहिली संधी संगणकाच्या पडद्याने दिली.

संगणकीय खेळांची चर्चा आपल्याकडे बहुधा व्यसन, डोळ्यांवरील ताण आणि अभ्यासातील घसरण या अंगांनी होते. ही चिंता निराधार नाही. परंतु नाटक किंवा चित्रपट यांच्याविषयी जे प्रश्न समीक्षा विचारते, ते या खेळांना क्वचितच विचारले जातात. हा अनुभव कशाचा बनलेला आहे? त्यातील आनंद कोठून येतो? जो खेळ खेळाडूला पहिले अनेक दिवस केवळ आपटवतो, त्याच्याकडे तो पुन्हा का वळतो? लढाऊ विमानांचे सिम्युलेटर या प्रश्नांसाठी विशेष उपयुक्त आहेत, कारण त्यांत वैताग आणि आनंद एकमेकांपासून सहज वेगळे काढता येत नाहीत.

करमणूक आणि प्रशिक्षण

सिम्युलेटर हे आधी गंभीर यंत्र होते आणि नंतर त्याचा खेळ झाला, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास काहीसा उलट आहे. अमेरिकेत एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये आपले उड्डाण-प्रशिक्षण यंत्र तयार केले. त्यांच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनविण्याचा कारखाना होता. त्या वाद्यांतील भाते आणि हवेचे पंप यांवरच हे यंत्र हलत असे. आपल्या पेटीचा भाता ज्याने पाहिला आहे, त्याला त्याची कल्पना सहज येईल. सुरुवातीला या यंत्राचे ग्राहक मुख्यतः करमणूक-उद्याने होती. टपालवाहतुकीतील अपघातांनंतर १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या हवाई विभागाने अशी सहा यंत्रे घेतली, तेव्हा त्याला प्रशिक्षणाची प्रतिष्ठा मिळाली. खेळ आणि शिक्षण यांची सरमिसळ या माध्यमाच्या जन्मापासूनच आहे.

फ्रेंच विचारवंत रॉजे कायवा यांनी १९५८ मधील आपल्या ग्रंथात खेळांचे चार प्रकार मानले : स्पर्धा, दैव, अनुकरण आणि भोवळ. लढाऊ विमानाच्या सिम्युलेटरमध्ये स्पर्धा, अनुकरण आणि भोवळ ही तिन्ही तत्त्वे एकत्र येतात. मात्र प्रत्येक खेळात त्यांचे प्रमाण वेगळे असते. भारतीय हवाई दलाने जुलै २०१९ मध्ये प्रसृत केलेला ‘इंडियन एअर फोर्स : अ कट अबव्ह’ हा मोबाइलवरील खेळ बोटाच्या स्पर्शाने, थोड्या सरावाने खेळता येतो, त्यात स्पर्धा प्रधान आहे. याउलट ‘फाल्कन ४.०’ (१९९८), ‘आयएल-२ स्टर्मोविक’ (२००१) किंवा ‘डीसीएस वर्ल्ड’ यांत अनुकरण प्रधान आहे. ‘फाल्कन ४.०’ सोबत सुमारे सहाशे पृष्ठांची पुस्तिका येत असे. जो खेळ सुरू करण्यापूर्वी एवढे वाचावे लागते, त्याला ‘टाइमपास’ म्हणणे अवघड आहे.

बाहेरची विघ्ने

‘अभिनवभारती’मध्ये अभिनवगुप्तांनी रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील तीन येथे विशेष लागू पडतात : प्रतीतीच्या साधनांची अपुरी सिद्धता म्हणजे प्रतीत्युपायवैकल्य, अनुभवातील स्पष्टतेचा अभाव म्हणजे स्फुटत्वाभाव, आणि जे घडते आहे ते ‘माझेच’ किंवा ‘परक्याचेच’ असे मानून विशिष्ट देशकालात अडकून पडणे.

पहिल्या विघ्नाचा परिचय वऱ्हाडातील खेळाडूला वेगळा करून देण्याची गरज नाही. २००५ ते २००८ च्या सुमारास महाराष्ट्रात विजेची तीव्र टंचाई होती आणि भारनियमन हा दिनक्रमाचा भाग झाला होता. तासाभराच्या उड्डाणानंतर विमान धावपट्टीच्या रेषेत यावे आणि त्याच क्षणी वीज जावी, या अनुभवात कोणतेही सौंदर्य नाही. कमी क्षमतेच्या संगणकावर चित्र थबकत पुढे सरकणे, जॉयस्टिकअभावी विमान कीबोर्डवरील बाणांच्या कळांनी झटके देत वळविणे, मे महिन्यात तापलेला संगणक आपोआप बंद पडणे, या सर्व अडचणी साधनवैकल्याच्या आहेत. त्या दूर झाल्या तर खेळाचे काहीच बिघडत नाही.

खेळातील दोषांचीही गणना येथेच करावी लागते. ‘फाल्कन ४.०’ बाजारात आला तेव्हा तो असंख्य त्रुटींनी भरलेला होता. त्याची मूळ संगणकीय आज्ञावली २००० मध्ये बाहेर पडल्यावर स्वयंसेवी हौशी मंडळींनी तो पुढे अनेक वर्षे सुधारत नेला. बाहेरच्या विघ्नांशी झगडण्यातही एक सामूहिक समाधान असू शकते, हे त्यावरून दिसते. तरी ते समाधान उड्डाणाचे नव्हे, दुरुस्तीचे आहे.

आतली अडचण : मिग-२१चे उदाहरण

दुसऱ्या प्रकारची अडचण खेळाच्या आशयातच असते. तिचे उत्तम उदाहरण म्हणजे २०१४ मध्ये ‘डीसीएस वर्ल्ड’साठी उपलब्ध झालेले मिग-२१ बिस हे विमान. मराठी वाचकाला ते परके नाही. १९६३ मध्ये भारतीय हवाई दलात दाखल झालेली ही विमाने पुढे नाशिकजवळील ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधली गेली. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे त्यांना निरोप देण्यात आला.

संगणकावरील मिग-२१ नवख्याला आधी जमिनीवरच अडविते. बॅटरी, इंधनपंप, जायरो, रेडिओ यांच्या कळा ठरावीक क्रमाने दाबल्याशिवाय उड्डाणाची सिद्धता होत नाही. आकाशात गेल्यावर त्याचे त्रिकोणी पंख दुसरा धडा शिकवितात. तीव्र वळण घेता येते, पण त्या वळणात वेग झपाट्याने गळतो. शत्रूच्या मागे जाण्याच्या हव्यासात खेळाडू वेग आणि उंची दोन्ही खर्च करून बसतो, आणि मग पळण्यासाठीही काही शिल्लक राहत नाही. वळण अधिक आवळले तर पडदा काळवंडत जातो, कारण वैमानिकाच्या मेंदूकडील रक्तप्रवाह कमी झाल्याचे खेळ त्या रीतीने दाखवितो. दूरचे विमान पडद्यावर एका बारीक ठिपक्याएवढे दिसते. क्षणभर नजर हटली की तो ठिपका हरवतो. येथे स्फुटत्वाभाव हा खेळाचा दोष आहे की खऱ्या आकाशाचा गुण, हे ठरविणे कठीण जाते.

सर्वात मोठी परीक्षा उतरण्याची असते. ताशी तीनशे किलोमीटर आणि त्याहून अधिक वेगाने हे विमान धावपट्टीकडे येते. या वेळी इंजिनातील दाबाची हवा फ्लॅपवरून सोडली जाते आणि तिच्यामुळे पंखांना अधिक उचल मिळते. वेग कमी व्हावा म्हणून नवख्याने थ्रॉटल एकदम मागे ओढला की ही उचलही कमी होते आणि विमान दगडासारखे खाली बसते. सहजबुद्धीने केलेली कृतीच घातक ठरते. खेळाडू चिडतो, खेळाला दोष देतो, आणि पुस्तिका पुन्हा उघडल्यावर लक्षात येते की चूक खेळाची नव्हती. या श्रेणीतील वैताग प्रामाणिक आहे : त्याला कारण असते आणि ते कारण शिकता येते. ही अडचण काढून टाकली तर मिग-२१ उरत नाही. उरते केवळ त्याचे चित्र.

आनंदाचे स्वरूप

मग या वैतागातून उपजणाऱ्या आनंदाला रस म्हणता येईल काय? येथे तिसरे विघ्न आडवे येते. रसास्वादासाठी साधारणीकरण आवश्यक आहे. नाटकातील शोक हा ‘माझा’ शोक झाला की रस संपतो. सिम्युलेटरमध्ये मात्र खेळाडू ‘विमान पडले’ असे म्हणत नाही, ‘मी पडलो’ असे म्हणतो. तो प्रेक्षक नाही, कर्ता आहे. त्यामुळे खेळ चालू असतानाचा आनंद नाट्यगृहातील आनंदापेक्षा आखाड्यातील आनंदाला अधिक जवळचा आहे.

अमरावतीकरांना हे समजण्यासाठी दूर जावे लागत नाही. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने आपले पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी पाठवून भारतीय खेळांची प्रात्यक्षिके तेथे सादर केली होती. मल्लखांबावर चढणारा मुलगा प्रथम घसरतो, मग पुन्हा चढतो. खांब गुळगुळीत असणे ही त्याची तक्रार नसते, तीच त्याच्या विद्येची अट असते. सिम्युलेटरमधील साधना त्याच जातीची आहे. फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की मल्लखांबावर पडणाऱ्याचे गुडघे फुटतात.

तथापि या खेळांत एक सोय अशी आहे की जिच्यामुळे रसाची वाट पुन्हा खुली होते. ‘आयएल-२’ आणि ‘डीसीएस’ या दोहोंत संपूर्ण उड्डाणाची नोंद ठेवता येते आणि ती नंतर हव्या त्या कोनातून पाहता येते. मघाशी घाबरून वळण आवळणारा खेळाडू आता बाहेरून पाहतो : वेग कोठे गळला, शत्रू केव्हा मागे आला, कोणता क्षण निर्णायक होता. ‘मी पडलो’ या जागी ‘तो पडला’ हे वाक्य येते. आपलीच चूक आपल्यापासून सुटी होते, तिच्यात आकार दिसू लागतो आणि पराभवाची गोष्ट बनते. अनुभवी खेळाडू जिंकलेल्या लढतीइतक्याच ओढीने हरलेली लढत का पाहतात, याचे उत्तर येथे सापडते. कर्त्याचा वैताग प्रेक्षकाच्या आस्वादात रूपांतरित होतो, हेच या माध्यमाचे वेगळेपण होय.

न दिसणारी जमीन

या आस्वादाची मर्यादा मात्र स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार, त्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमाने अपघातांत सापडली होती. त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक मृत्युमुखी पडले. सिम्युलेटर या १७१ जणांच्या अडचणीपर्यंत खेळाडूला काही अंशी नेतो. थ्रॉटल किती सावधपणे हाताळावा लागत असेल, याची जाणीव ज्याला खेळातून झाली, तो या आकड्याकडे पूर्वीसारखा पाहू शकत नाही. ही त्याची कमाई आहे.

परंतु त्या ३९ जणांपर्यंत सिम्युलेटर पोहोचत नाही. वरून दिसणारी शेते, वाड्या, रस्ते ही त्याच्यासाठी केवळ पार्श्वभूमी असते. विमान एखाद्या शेतात कोसळते, ज्वाळा दिसतात, आणि पुन्हा सुरू करण्याची कळ दाबली की शेत पूर्ववत होते. कपाशीच्या ओळींत कोणी निंदण करीत होते काय, हा प्रश्न खेळाच्या रचनेत संभवतच नाही. प्रतिस्पर्धी विमानातही माणूस असतो, पण चेहरा नसतो. यंत्राविषयी इतका काटेकोर असलेला खेळ माणसाविषयी इतका उदासीन असावा, ही त्याची सर्वात मोठी कलात्मक उणीव आहे. विमानाचा प्रत्येक स्क्रू यथार्थ असूनही त्याच्या खालचे जग अयथार्थ राहते.

समारोप

लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमधील वैताग सरसकट नाकारता येत नाही आणि सरसकट गौरविताही येत नाही. वीज, यंत्र आणि आज्ञावली यांच्या त्रुटींतून येणारा वैताग हे विघ्न आहे. विमानाच्या स्वभावातून येणारा वैताग ही विद्या आहे. ती विद्या कर्त्याला सरावाचे समाधान देते आणि नोंद पाहणाऱ्या प्रेक्षकाला आस्वाद देते. महाविद्यालयीन अध्यापकाने आपल्या विद्यार्थ्याच्या हातातील जॉयस्टिक काढून घेण्यापूर्वी तो नेमका कोणत्या वैतागात गुंतला आहे, हे विचारणे म्हणूनच इष्ट ठरेल. त्यापुढचा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःला विचारायचा आहे : आपले विमान जेथे पडले, ते शेत कोणाचे होते?